खटका, चाप आणि बत्तीस बोअर

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सोलापुरात फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार अशा ठाण्यांत परवान्यावरची पिस्तुलं जमा होऊ लागतात. शहरातला परवाना पोलिस आयुक्तांचा, बार्शी-पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा जिल्हाधिकाऱ्यांचा; हत्यार मात्र बहुतेक .३२ बोअरचंच, म्हणजे नळीचं भोक सुमारे ०.३२ इंचाचं. ९ मिमीसारखे फौजी बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. १९८० च्या दशकात आयातही थांबली. त्यामुळे कुणाकडे आयुधनिर्माणीचं पिस्तूल असतं, तर कुणाकडे आजोबांकडून वारशाने आलेलं कोल्ट नाहीतर वॉल्थर. एकावर सेफ्टीचा, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणारा खटका एका जागी, दुसऱ्यावर भलतीकडे, आणि फिरत्या चक्रीच्या रिव्हॉल्व्हरवर बहुधा नाहीच.

रिव्हॉल्व्हरला त्याची गरजच पडली नाही. १८५१ मध्ये लंडनच्या ॲडम्सने असं रिव्हॉल्व्हर आणलं की चाप ओढला की घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, मागे जाऊन आपोआप पडे. ही ओढ लांब आणि जड, म्हणून नुसत्या धक्क्याने गोळी सुटायची भीती कमी. कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे आणि मग चाप अगदी हलका. त्याचा घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला राही, म्हणून जाणकार सहाच्या जागी पाचच काडतुसं भरत.

खरी अडचण आली ती स्वयंचलित पिस्तुलाबरोबर. प्रत्येक गोळीनंतर स्लाइडच, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, घोडा मागे नेऊन ठेवते. पुढच्या गोळीला चाप जरासाच दाबावा लागतो. तयार घोडा, हलका चाप आणि कमरेला बांधलेलं हत्यार, हे तिन्ही एकत्र आले म्हणून खटका आला. १८९९ च्या सुमारास पिस्तुलाचं .३२ काडतूस निघालं तेच अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या अशा पिस्तुलासाठी. त्याच्या १९०३ च्या कोल्टमध्ये घोडा स्लाइडखाली झाकलेला होता. तो ताणलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नसे, म्हणून अंगठ्याचा खटका आणि शिवाय मुठीतली सेफ्टी: मूठ आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. १९१० च्या बेल्जियन एफएन पिस्तुलात तिसरी सोय आली, मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढलं की चाप निकामी.

अमेरिकन सैन्याच्या १९११ च्या .४५ पिस्तुलाची गोष्ट तर मजेची आहे. मुठीतली सेफ्टी पुरेशी मानून नमुना तयार झाला होता, पण घोडदळ अडून बसलं. एका हातात लगाम, दुसऱ्यात भरलेलं पिस्तूल, खाली उधळलेलं जनावर. स्वाराला त्याच हाताच्या अंगठ्याने हत्यार बंद करता आलं पाहिजे. शेवटी खटका बसला. आज लोक तो जणू पिस्तुलाबरोबरच जन्मला असं समजून वाद घालतात.

१९२९ मध्ये वॉल्थर पीपीने दोन्ही वाटा जुळवल्या: पहिली ओढ रिव्हॉल्व्हरसारखी जड, पुढच्या हलक्या, खटका खाली केला की घोडा गोळी न सुटता पडतो. कल्पना हुशारीची, पण एकाच हत्यारात दोन चाप शिकणं मला तरी सर्वांत अवघड वाटतं.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने घेतलेल्या ग्लॉकने बाहेरचा खटकाच काढून टाकला. चापाच्या तोंडावर छोटी पट्टी, जी बोटाने दाबल्याशिवाय चाप हलत नाही, आत काडतुसावर आपटणारी आघातपिन अडवणारा अडसर, आणि स्प्रिंग अर्धवट ताणलेली. ओढ सुमारे अडीच किलोची. रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्या न्यूयॉर्क पोलिसांनी मुद्दाम जड स्प्रिंग बसवून घेतली. २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने सिगचं पी३२० निवडलं ते मात्र खटक्यासह, जरी बाजारात तेच मॉडेल खटक्याशिवाय मिळत होतं. त्याच वर्षी ते खाली पडल्यावर गोळी सुटू शकते असं दिसलं आणि कंपनीने चापाचे भाग हलके करून दिले. म्हणजे दोष आतल्या यंत्रणेत होता.

आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणलं. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं असावं, हेही त्यातच. सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांत पातळ सदऱ्याखाली जाड हत्यार लपत नाही, त्यामुळे जुन्या चपट्या .३२ ला अजून भाव आहे.

ठाण्यात जमा करताना मात्र जुना फरक पुन्हा समोर येतो. मॅगझिन काढून स्लाइड मागे ओढायची आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी पाहायचं, हा रिवाज. वॉल्थर पीपीची स्लाइड खटका लावलेला असतानाही मागे येते. १९०३ च्या कोल्टचा खटका स्लाइडलाच अडकवतो. ते रिकामं करायचं तर आधी सेफ्टी काढावी लागते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवूनच खटका खाली करायचा.