बोरीची राख आणि आफ्रिकेबाहेरची वाट

आफ्रिकेतून निघालेला माणूस भारतात कधी पोहोचला, या वादात जुन्नर तालुक्यातल्या बोरीचे नाव हटकून येते. तिथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावले, त्यामुळे ही राख त्यांची नव्हे. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, आज टोबा सरोवर आहे तिथून वाऱ्याबरोबर आली. थराच्या लगत अश्युलियन, म्हणजे आधुनिक माणसाच्या आधीच्या मानवांच्या परंपरेतल्या, दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आणि १९८०च्या दशकापासून राखेच्या वयावरून माणसाचे वय काढायची घाई सुरू झाली.

हवामान आणि स्थलांतर यांच्या नात्यात मुख्य धागा पावसाचा. पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरत असते, आणि त्यामुळे सुमारे २१ ते २३ हजार वर्षांच्या फेऱ्यात उत्तर गोलार्धातला उन्हाळा कधी प्रखर, कधी सौम्य होतो. तो प्रखर झाला की मोसमी पाऊस उत्तरेकडे सरकतो, सहारा आणि अरबस्तानात गवत उगवते, तळी साचतात. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी असा ओला काळ होता. इस्रायलमधल्या स्खुल आणि काफझेह गुहांतली आधुनिक मानवाची हाडे १,२०,००० ते ९०,००० वर्षांपूर्वीची आहेत. अरबस्तानातल्या नफूद वाळवंटात एका आटलेल्या तळ्याच्या जागी बोटाचे हाड मिळाले, ते किमान ८५,००० वर्षांचे. पाऊस मागे हटला की ही वाट बंद. इथवर फारसे दुमत नाही.

टोबाचा शेवटचा महास्फोट ७४,००० वर्षांपूर्वीचा. त्यात सुमारे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, असा अंदाज आहे. १९९०च्या दशकात अशी मांडणी झाली की गंधकाच्या धुक्याने सूर्य झाकला, जग काही वर्षे गारठले आणि जगभरातली माणसे काही हजारांवर आली. मानवी जनुकांत विविधता इतकी कमी का, याचेही उत्तर त्यात सापडल्यासारखे वाटले. या चित्रात भारताचा उल्लेख बळी म्हणूनच होई: राखेखाली उपखंड ओसाड झाला आणि आपले पूर्वज नंतर रिकाम्या जमिनीवर आले.

बोरीच्या थराचे पहिले वय पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने (पोटॅशियमचे आरगॉन वायूत किती रूपांतर झाले ते मोजून) निघाले, ते जवळजवळ १४ लाख वर्षे. भारतातल्या हातकुऱ्हाडी तोवर इतक्या जुन्या कुणी धरल्या नव्हत्या, त्यामुळे खळबळ उडाली. मग दुसऱ्या संशोधकांनी राखेतल्या काचेचे रासायनिक घटक तपासले आणि ते ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबाशी जुळतात असे दाखवले. पुढे आरगॉनच्याच अधिक बारीक चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे हे तिसरे उत्तर आले. थर एकच आणि वये तीन, त्यांत कित्येक लाख वर्षांची तफावत!

याचे मूळ राख तिथे कशी साचली यात आहे. आकाशातून पडलेली टोबाची राख भारतात फार तर काही सेंटिमीटर जाडीची असते. जिथे ती मीटरभर किंवा त्याहून जाड दिसते, तिथे पावसाने आणि नदीने आजूबाजूची राख आणून टाकलेली असते. पाण्याबरोबर आलेल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळतात, आणि थोडीशी भेसळही आरगॉनचे वय फुगवायला पुरते. उलट बाजूचा आक्षेपही वजनदार आहे. टोबा मोठ्या प्रमाणावर चार वेळा फुटला, आणि आठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराची काच शेवटच्या स्फोटातल्या काचेशी इतकी मिळतीजुळती आहे की निव्वळ काचेवरून निकाल देता येत नाही. राखेतल्या कृष्ण अभ्रक या काळ्या खनिजातले लोहाचे आणि मॅग्नेशियमचे प्रमाण मात्र या स्फोटांना वेगळे पाडते. भारतातल्या इतर ठिकाणच्या राखेत त्याचा कौल ७४,००० वर्षांकडे गेला आहे. मला बोरीबद्दलही तेच अधिक पटते.

पण राख ७४,००० वर्षांची ठरली म्हणून हातकुऱ्हाडीही तेवढ्याच ठरत नाहीत. दोन्ही बाजूंनी नेमके हेच गृहीत धरले आणि वाद तिथेच अडकला. हातकुऱ्हाडी मिळाल्या त्या नदीच्या गोट्यांच्या थरांत, आणि दगडी हत्यारही गोट्यासारखेच वाहत येते. राख आणि हत्यारे शेजारी आली ती नदीमुळे. भारतीय अश्युलियन किती जुने, हे सांगायला आता बोरीची गरजही उरलेली नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कमचे किमान १० लाख, बहुधा १५ लाख वर्षे हे वय २०११मध्ये स्वतंत्र पद्धतींनी निघाले.

टोबाच्या हिवाळ्याची खरी परीक्षा आंध्रातल्या ज्वालापुरमला झाली. तिथे जाड राखेच्या खाली आणि वरही दगडी हत्यारे मिळाली आणि दोन्हींची घडण बरीच सारखी निघाली, असे २००७मध्ये जाहीर झाले. २०२०मध्ये मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यातल्या ढाबा या स्थळावरूनही सुमारे ८०,००० ते ६५,००० वर्षांपूर्वीचा सलग पुरावा पुढे आला. राखेवरच्या काळात मध्य भारतातले जंगल विरळ होऊन गवत वाढल्याच्या खुणा मातीतल्या कार्बनमध्ये मिळाल्या आहेत, त्यामुळे हवामान बिघडलेच नाही असे म्हणता येणार नाही. माणसे मात्र राहिली. आफ्रिकेतही मलावी सरोवराच्या गाळात टोबाची राख सापडली, पण थंडीची लाट दिसली नाही. इथिओपियात तर २०२४मध्ये दाखवून दिले गेले की त्या कोरड्या दिवसांत लोक आटत्या नदीच्या डबक्यांतले मासे पकडून जगले, आणि अशा हंगामी नद्यांच्या काठाकाठानेच माणूस आफ्रिकेबाहेर सरकला असावा. दुष्काळात वाट बंद होते हे जुने गणित यामुळे पुन्हा तपासावे लागणार आहे.

भारताच्या बाबतीत पेच उरतो तो जनुकांचा. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या सगळ्यांच्या पूर्वजांची निअँडरथल या आता नामशेष झालेल्या मानवांशी सरमिसळ झाली ती सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी, म्हणजे टोबानंतर बऱ्याच काळाने. ढाब्याची राखेआधीची हत्यारे आधुनिक माणसाची असतील, तर त्या लोकांचा आपल्यात वाटा अगदी थोडा किंवा शून्य. ती दुसऱ्याच कुठल्या मानवाची असतील, तर 'सलग वस्ती' या शब्दाचा अर्थच बदलतो. सुमारे ७१,००० वर्षांपूर्वी सुरू झालेला थंड, कमजोर पावसाळ्यांचा टप्पा ५७,०००च्या सुमारास संपला, आणि ढाब्यातली बारीक पात्यांची हत्यारे सुमारे ४८,००० वर्षांपूर्वी दिसू लागतात. ती कुणी घडवली हे हाडांवरून ठरवायचे तर दक्षिण आशियात आधुनिक मानवाची सर्वांत जुनी हाडे श्रीलंकेतल्या फा-हिएन गुहेतली, आणि तीही ४०,००० वर्षांच्या अलीकडची.