ऐच्छिक रकाना (विदा-क्रमिकरण)

एका संगणकभाषेतली नोंद बाइटांच्या माळेत बदलून (हेच क्रमिकरण) दुसऱ्या भाषेतल्या प्रणालीकडे पाठवताना जो रकाना भरणे सक्तीचे नसते, तो ऐच्छिक रकाना. बोलताना सगळे ऑप्शनल फील्डच म्हणतात. गोव्यातल्या वाळपईच्या पर्जन्यमापकावरून फेब्रुवारीत ०.० मिमी अशी नोंद आली, तर पाऊस पडला नाही. आकडाच आला नाही, तर माप घेतले गेले की नाही हेही कळत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातली जमिनीची नोंद) कुळाचा रकाना कोरा असला, तरी कूळ नाही की त्याचे नाव चढलेले नाही, हा पेच तसाच उरतो.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ च्या सुमारास आल्गॉल डब्ल्यू या संगणकभाषेसाठी आणलेल्या नल संदर्भाशी (नल म्हणजे ‘मूल्यच नाही’ ही खूण) जोडतात. होअर यांनीच पुढे त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटले. विदागारांचे अभ्यासक मात्र संबंधाधारित विदागाराची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांचे नाव घेतात. कॉड यांनी नंतर ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना वेगळ्या खुणा सुचवल्या, पण एसक्यूएल या विदागारांच्या भाषेत एकच नल राहिला. क्रमिकरणापुरते पाहता मात्र १९८० च्या दशकातील एएसएन.१ (नोंदींची रचना सांगणारी प्रमाण भाषा) हा पूर्वज अधिक जवळचा वाटतो: त्यात ऑप्शनल आणि डिफॉल्ट (रकाना न आल्यास धरायचे मूल्य) हे दोन्ही शब्द आहेत. डिफॉल्टइतकेच मूल्य असेल, तर ते पाठवायचे की गाळायचे हे एएसएन.१ चे बीईआर नावाचे बाइटरूपाचे नियम पाठवणाऱ्यावर सोडतात. डीईआर या अधिक काटेकोर नियमांत ते गाळावेच लागते, कारण डिजिटल स्वाक्षरीसाठी एका नोंदीचे एकच बाइटरूप हवे.

गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या क्रमिकरण-पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत (खुली २००८) सक्तीचे रकानेही होते. एकदा सक्तीचा केलेला रकाना पुढे काढला, की जुने वाचक नवा संदेश नाकारतात. म्हणून तिसऱ्या आवृत्तीने सक्ती काढून टाकली. तिच्याबरोबर साध्या आकड्यांच्या रकान्यांतली ‘आहे-नाही’ची खूणही गेली आणि शून्य पाऊस व न आलेली नोंद एकसारखी दिसू लागली. ऑप्शनल हा शब्द २०२० मध्ये ३.१२ मध्ये प्रायोगिक म्हणून परतला, ३.१५ पासून कायमचा.

अव्ह्रो या दुसऱ्या क्रमिकरण-पद्धतीत ऐच्छिक रकाना नलशी जोडलेल्या यूनियनचा (दिलेल्या प्रकारांपैकी कोणताही एक) असतो. त्याचे डिफॉल्ट मूल्य वाचणाऱ्याच्या बाजूने, लिहिणाऱ्याच्या आराखड्यात तो रकाना नसेल तेव्हाच लागू होते. लिहितानाही ते आपोआप भरले जाते, असा समज चुकीचा आहे.

जेसन या मजकूररूपी मांडणीत प्रत्येक मूल्यापुढे त्याचे नाव, म्हणजे कळ, असते. तिथे कळ नसणे आणि कळीपुढे नल असणे या दोन गोष्टी आहेत. जेसन नोंदीतले बदल कळवण्याच्या २०१४ च्या मर्ज पॅच नियमात नल म्हणजे ‘ही कळ पुसा’. गो भाषेत (गोव्याशी संबंध नाही) साध्या पूर्णांकाला अनुपस्थिती मांडता येत नाही, म्हणून पॉइंटर (मूल्याचा पत्ता, जो नसूही शकतो) वापरतात. साध्या पूर्णांकाला ओमिटएम्प्टी (रिकामे मूल्य गाळा) ही खूण लावल्यास खरे शून्यही गळते. रस्ट भाषेत ऑप्शनच्या (मूल्य असेल किंवा नसेल असा प्रकार) आत ऑप्शन ठेवून कळ नसणे, नल आणि खरे मूल्य या तिन्ही अवस्था मांडता येतात.

मजकुराच्या रकान्यांत कोऱ्या अक्षरमाळेची भर पडते. गोव्यातल्या जुन्या नोंदींत नाव पुष्कळदा रोमी लिपीतच असते. तेव्हा देवनागरी नावाचा रकाना अनुपस्थित ठेवणे कोऱ्या अक्षरमाळेपेक्षा बरे.