विलीनीकरणातून जन्म, कृष्णविवराचा धाक: लंबवर्तुळाकार दीर्घिकांची पार्श्वभूमी

कन्या तारकासमूहातला एक धूसर ठिपका चार्ल्स मेसिए यांनी १७८१ मध्ये आपल्या यादीत ८७व्या क्रमांकावर नोंदवला. १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांना या एम-८७च्या छायाचित्रात केंद्रातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. तिचा अर्थ लागणे तेव्हा शक्यच नव्हते. हा ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरचा आहे हेही अजून ठरायचे होते.

१९२६ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांची वर्गवारी केली. त्यात एम-८७ लंबवर्तुळाकार गटात गेली: सर्पिल भुजा नाहीत, थंड वायू जवळपास नाही, तारे बहुतांशी म्हातारे आणि लालसर. वायूचा एकच प्रचंड ढग कोसळून अशी दीर्घिका बनते आणि स्वतःभोवती फिरल्यामुळे चपटी होते, असे बराच काळ मानले जाई. १९७५च्या सुमारास वर्णपटांवरून वेग मोजले गेले आणि या कल्पनेला तडा गेला. चपट्या दिसणाऱ्या दीर्घिकाही फारच सावकाश फिरत होत्या. त्यांचा आकार टिकतो तो वाट्टेल त्या दिशांनी धावणाऱ्या ताऱ्यांमुळे.

मग हे तारे असे विस्कटले कसे? अलार आणि युरी तूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दीर्घिकांच्या गाठीभेटींची गणिते मांडली आणि एकमेकींवर आदळणाऱ्या अँटेना दीर्घिकांच्या लांबलचक शेपट्या हुबेहूब काढून दाखवल्या. तबकडीसारख्या दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात, वायू केंद्राकडे घसरतो आणि नव्या ताऱ्यांत खर्ची पडतो; उरते ती लंबवर्तुळाकार दीर्घिका. अनेकांनी हे मानायला नकार दिला. पण १९८० मध्ये डेव्हिड मॅलिन आणि डेव्हिड कार्टर यांनी काही लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती अतिशय मंद कवचे दाखवली. गिळलेल्या दीर्घिकांच्या त्या खुणाच होत्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा तोच. एम-८७सारख्या महाकाय दीर्घिका मात्र एकाच टकरीतून झालेल्या नाहीत. दाट गाभा आधी बनला, पुढे अब्जावधी वर्षे लहानसहान दीर्घिका त्यात भर घालत राहिल्या.

कर्टिस यांच्या रेघेचे कोडे दुसऱ्याच वाटेने सुटत होते. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांना तिचा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच ठरावीक दिशेने कंप पावणारा, आढळला. म्हणजे ती रेघ एक झोत होता आणि त्यात चुंबकीय क्षेत्रातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने इलेक्ट्रॉन धावत होते. इतकी ऊर्जा येते कुठून? दीर्घिकांच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवरे असावीत, असे डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी १९६९ मध्ये सुचवले. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने एम-८७च्या केंद्रापासून ६० प्रकाशवर्षांवर सेकंदाला सुमारे ५५० किलोमीटर वेगाने फिरणारा वायू टिपला; म्हणजे मधोमध प्रचंड वस्तुमान दडलेले होते. एप्रिल २०१९ मध्ये त्या कृष्णविवराची सावलीच जगाने पाहिली. वस्तुमान: सुमारे ६५० कोटी सूर्यांइतके.

या दोन वाटा २००० मध्ये एकत्र आल्या. कृष्णविवराचे वस्तुमान आणि त्याच्या ओढीच्या पार बाहेर असलेल्या ताऱ्यांचे वेग यांत घट्ट नाते असल्याचे दोन गटांनी दाखवले. दीर्घिका आणि तिचे कृष्णविवर एकमेकांच्या संगतीने वाढतात, हा त्याचा सरळ अर्थ. कृष्णविवराचे झोत भोवतालचा वायू तापता ठेवतात, तो थंडावून नवे तारे घडू देत नाहीत. म्हणूनच या दीर्घिका लालसर राहतात.

हा धाक किती दूर पोहोचतो, ते भुजंगधारी दीर्घिकासमूहात दिसले. तिथल्या तप्त वायूत चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीला एक वक्र कड दिसली होती. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती की, २०१६ मध्ये संशोधकांनी ती कृष्णविवराच्या स्फोटाने झाल्याची शक्यता बाजूला सारली. २०२० मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीची कमी वारंवारतेची रेडिओ निरीक्षणे जोडून पाहिली, तेव्हा त्या कडेला लागूनच रेडिओ लहरींनी भरलेली पोकळी निघाली. आपल्या १५ आकाशगंगा एका रांगेत मावतील एवढी ती मोठी आहे आणि ती कोरली आहे मधल्या दीर्घिकेच्या कृष्णविवराने.