सर्व्हिस अकाउंट कुठलं: कुबरनेटीसचं की गूगल क्लाउडचं?

जीकेईवरच्या, म्हणजे गूगल क्लाउडच्या कुबरनेटीस सेवेवरच्या, पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला) स्टोरेज बकेटमधली फाइल वाचता येत नाही, लॉगमध्ये ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा कोड, दिसतोय, आणि टीममधलं कुणीतरी म्हणतं, "अरे, सर्व्हिस अकाउंटला परवानगी दे की!" पण कुठल्या? तिथे या नावाची दोन खाती असतात. दोन्ही माणसाची नाहीत, प्रोग्रॅमची. पण एकाच्या परवानगीचा दुसऱ्याला आपोआप काही उपयोग नाही.

कुबरनेटीसचं खातं क्लस्टरच्या (कुबरनेटीस चालवणाऱ्या मशिनांच्या समूहाच्या) आतलं, एका नेमस्पेसपुरतं, म्हणजे क्लस्टरमधल्या एका कप्प्यापुरतं. त्याचे हक्क आरबॅक, म्हणजे कुबरनेटीसची रोलवर आधारित परवानगी-व्यवस्था, ठरवतं. प्रत्येक नेमस्पेसमध्ये 'डीफॉल्ट' नावाचं एक आपोआप तयार होतं. पॉडच्या यामलमध्ये (कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये) दुसरं काही लिहिलं नाही, तर पॉडला तेच चिकटतं. त्याचं टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, कंटेनरमध्ये फाइल म्हणून येतं. पूर्वी ते सीक्रेटमध्ये (गुप्त माहिती ठेवायच्या कुबरनेटीसच्या ऑब्जेक्टमध्ये) कायमचं पडून असायचं. २०२२ मधल्या १.२४ आवृत्तीपासून तसं सीक्रेट आपोआप बनत नाही. आता टोकन मुदतीचं असतं, नोडवर (क्लस्टरमधल्या प्रत्येक मशिनवर) चालणारा कुबलेट हा प्रोग्रॅम ते बदलत राहतो आणि पॉड गेला की तेही बाद.

गूगल क्लाउडचं खातं प्रोजेक्टमधलं. त्याला ईमेलसारखा पत्ता असतो आणि हक्क आयएएममधून, म्हणजे गूगल क्लाउडच्या परवानगी-व्यवस्थेतून, मिळतात. व्हीएमवरच्या (क्लाउडमधल्या आभासी मशिनवरच्या) प्रोग्रॅमला तिथला मेटाडेटा सर्व्हर साधारण तासाभराचं टोकन देतो, तिथवर सगळं ठीक. डोकेदुखी आहे ती जेसन कीची, म्हणजे या खात्याच्या किल्लीच्या फाइलची. एकदा डाउनलोड केली की ती लॅपटॉपवर, जेन्किन्समध्ये, कुणाच्या तरी गिट रेपोत, कुठूनही चालते; मुदत मुद्दाम घातली नसेल तर संपतही नाही. क्लस्टरमधल्या कामासाठी ही की बनवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तो ४०३. वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन, म्हणजे कुबरनेटीसच्या खात्याची ओळख गूगल क्लाउडला पटवणारी सोय, बंद असेल, तर पॉड बकेटकडे जातो तो नोडच्या क्लाउड खात्यावर. त्यामुळे बिलिंगच्या पॉडसाठी नोडला दिलेला हक्क त्याच नोडवरच्या इतर पॉडनाही मिळतो, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फेडरेशन चालू केलं की आयएएममध्ये थेट कुबरनेटीसच्या खात्याला रोल देता येतो. ऑटोपायलट क्लस्टरमध्ये (जिथे नोड गूगल सांभाळतं) ते चालूच असतं; स्टँडर्ड क्लस्टरमध्ये तपासून घ्या.

शोध एररमधल्या नावापासून सुरू करा. 'सिस्टिम:सर्व्हिसअकाउंट:बिलिंग:डीफॉल्ट' असं दिसलं तर आरबॅक बघा. ईमेल दिसला तर आयएएम. त्या ईमेलमध्ये प्रोजेक्टचा नंबर आणि पुढे 'कम्प्युट' असेल, तर पॉड नोडच्या नावावर फिरतोय. आरबॅकचं यामल कितीही बदललं तरी तो ४०३ हलणार नाही.