झँथन गम: पाकीट उघडण्याआधी

"जंतूंपासून बनतो म्हणे, मग खायला चालतो ना?" झँथन गम, म्हणजे सूप दाट करायला आणि ब्रेडचं पीठ धरून ठेवायला वापरतात ती भुकटी, विकताना हा प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज येतो. चालतो. पण तो बनतो कसा, हे घरात आणणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

कोबी लावणाऱ्यांना घाण्या रोग ठाऊक असतो. पानाच्या कडेला व्ही आकाराचा पिवळा डाग पडतो, शिरा काळ्या पडतात. हे काम झँथोमोनास कँपेस्ट्रिस या जिवाणूचं. साखर मिळाली की तो स्वतःभोवती डिंक तयार करतो, तोच झँथन गम. हाच डिंक पानाच्या शिरांत साचला की पाणी अडतं. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या डिंकाचा उपयोग शोधला. १९६९ मध्ये तिथे तो अन्नात वापरायला परवानगी मिळाली.

कारखान्यात याच जिवाणूला टाकीत साखरेचं पाणी देतात आणि ते साधारण २८ ते ३० अंशांवर ठेवून खालून हवा सोडतात. दोन-तीन दिवसांत पाणी एवढं दाटतं की ढवळणंच जड जातं. मग उष्णता देऊन जिवाणू मारतात, अल्कोहोल घालून डिंक वेगळा काढतात, वाळवून दळतात. पाकिटात येते ती ही पांढुरकी भुकटी. घटकांच्या यादीत ४१५ दिसलं तर तो हाच.

ज्वारी-तांदळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नसतं. त्यामुळे यीस्टने केलेली हवा निसटते आणि ब्रेड बसतो. झँथन ती हवा धरून ठेवतो. एक कप पिठाला अर्धा चहाचा चमचा घालून सुरुवात करा. जास्त झाला तर ब्रेड चिकट लागतो. भाकरीत मात्र घालू नका. आधणाच्या पाण्यात पीठ मळलं की तिला दुसरं काही लागत नाही, आणि विक्री वाढावी म्हणून आम्ही वेगळं सांगणार नाही.

भुकटी थेट पाण्यात टाकू नका. बाहेरून बुळबुळीत, आत कोरड्या अशा गुठळ्या होतात आणि त्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. आधी कोरड्या पिठात किंवा साखरेत नीट मिसळा. सूपसाठी चमचाभर तेलात कालवून घ्या.

एकदम खूप पोटात गेला तर पोट फुगतं, शौचाला पातळ होतं. तान्ह्या बाळाचं दूध दाट करायला हा कधीही वापरू नका. दिवस पूर्ण न भरता जन्मलेल्या बाळांच्या आतड्यांना झँथनच्या दाटकामुळे गंभीर इजा होण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता.