जीपचे पत्राकाम

जीप, जिप्सी, ट्रॅक्स, बोलेरो अशा कच्च्या रस्त्याला चालणाऱ्या गाड्यांच्या बॉडीला गंजून भोके पडली, की सडका भाग कापून तिथे नवा पत्रा जोडतात. बेळगाव सीमाभागात याला पत्राकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला पत्रेवाला किंवा टिंकर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात हे काम बारमाही असले, तरी खरी गर्दी पाऊस सरल्यावर. खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची असते आणि फाटक्या मडगार्डाला हार घालणे कोणालाच बरे वाटत नाही. वडापच्या (माणशी भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या) गाड्यांचे मालक मात्र पासिंगची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची, तारीख बघून येतात.

या भागात पत्रा सडायला कारणे भरपूर. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मि.मी. पाऊस पडतो, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, त्याच्या दुपटीहून अधिक. तिथली तांबडी माती मडगार्डाच्या आतल्या घडीत जाऊन बसते आणि उन्हाळ्यापर्यंत ओल धरून राहते. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, पण उसाच्या रानातला काळा चिखल वाळला की खरवडूनच काढावा लागतो. सर्वांत वाईट अवस्था मासळीच्या गाड्यांची. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना बर्फाचे खारट पाणी हौद्यात झिरपत राहते आणि मीठ गंजाला वेग देते.

गंज बहुधा आतून सुरू होतो. फ्लोअरखाली आडव्या पट्ट्या जोडलेल्या असतात. पट्टी आणि पत्रा यांच्या फटीत पाणी ओढले जाते व तिथून निघत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून पापुद्रे सुटून वरचा रंग फुगतो. रंगावर रुपयाएवढा फोड दिसला, तर खाली तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो. त्यामुळे जाणता पत्रेवाला आधी मॅट काढून हातोडीच्या टोकाने ठोकत जातो. खणखणीत आवाज येईल तो पत्रा जिवंत. बद्द आवाज आला आणि टोक आत घुसले, तर तो भाग कापायचा. गिऱ्हाईकाशी घासाघीस होते ती इथेच. भोकापुरते कापा, हा मालकाचा आग्रह. पण गंजक्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, आणि धरले तरी पुढच्या पावसाळ्यात ठिगळाच्या भोवतीने नवी भोके पडतात.

कापल्यावर त्या मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा काढतात, तो सी.आर. (थंड लाटलेल्या, गुळगुळीत) पत्र्यावर ठेवून आखतात आणि कातरीने कापतात. जुन्या जीपच्या हौद्याला १८ गेज (सुमारे १.२ मि.मी.) पत्रा चालतो, नव्या गाड्यांना २० गेज (सुमारे ०.९ मि.मी.) किंवा त्याहून पातळ. ठिगळाचे कोपरे गोल ठेवतात. काटकोनी कोपऱ्यावर ताण येऊन पत्रा तिथेच चिरतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा स्वस्तात मिळाला, तरी जोडाच्या कडेचे जस्त घासून काढल्याशिवाय वेल्डिंगला घेऊ नये. त्याचा धूर छातीत गेला की अंगात ताप भरतो.

दिसणाऱ्या भागात पत्रा कडेला कड भिडवून जोडतात. फ्लोअरला बोटभर चढवून जोडला तरी चालते, मात्र ती फट दोन्ही बाजूंनी सीलरने बंद झाली पाहिजे. पूर्वी हे काम गॅसवर, पितळाची सळई आणि टाकणखार वापरून होत असे. आता सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून जोडणे) सर्रास आहे. साध्या इलेक्ट्रिक वेल्डिंगने इतका पातळ पत्रा फुटतो. ०.८ मि.मी. तारेने इंच-दीड इंचावर टाके (वेल्डिंगचे सुटे ठिपके) मारतात, तेही सलग नाही: एक टाका डावीकडे, दुसरा समोरच्या कडेला, मग हात थांबवून पत्रा निवू द्यायचा. घाईने एकाच बाजूने ओढत नेले, तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो आणि मग ती लाट लपवायला पुट्टीचे थर चढतात. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडणे, मॅट व सीट बाहेर काढणे आणि टाकी कुठे आहे ते पाहणे भागच आहे. जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते.

ठिगळ टिकणार की नाही, हे मागच्या बाजूवर ठरते, आणि नेमकी तीच बाजू बिलात दिसत नाही. वेल्डिंगने आतला रंग जळालेला असतो. तिथे जस्ताचा प्रायमर, जोडावर सीलर आणि खालून अंडरकोटिंग हवे. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर नव्हे, तर इपॉक्सी प्रायमरवर लावावी. फ्लोअरची निचऱ्याची भोके ठिगळाखाली बुजली असतील, तर पुन्हा पाडून घ्यावीत. ती विसरली की हौद्यात तळे साचते.

कापाकापी टाळून जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकण्याची पद्धतही चालते. पोप रिवेट (एकाच बाजूने बसवता येणारे पोकळ खिळे) मारतात किंवा फायबरची जाळी चिकटवून वर रंग देतात. गाडी विकायला काढली की हे काम हमखास होते. दोन थरांमधली ओल तशीच राहते, त्यामुळे जुनी गाडी घेताना फ्लोअरवर चुंबक फिरवून पाहावा. फायबर आणि पुट्टीच्या जागी तो धरत नाही.

या गाड्यांची बॉडी वेगळ्या चेसिसवर बोल्टने बसवलेली असते. त्यामुळे हौद्याला ठिगळ लावल्याने गाडीच्या मूळ सांगाड्याला बाध येत नाही. अपवाद बॉडी चेसिसवर बसते त्या जागांचा व सीटबेल्टच्या बोल्टांचा. तिथे जाड पत्रा आणि सलग वेल्डिंग लागते. चेसिसला तडा गेला असेल, तर ते पत्रेवाल्याचे काम नाही. चेसिस नंबराच्या जागेला ग्राइंडर लागू देऊ नये, आणि गाडीचा रंग बदलला, तर आरटीओकडे आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.