टिटवी मरण सांगत नाही

रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की गावात कुणीतरी जाणार, असं खान्देशात सर्रास बोललं जातं. तिला दगड मारून हाकलतात. यात कारण आणि परिणाम उलटे धरलेत. टिटवी रात्रीही चरते, चांदण्यात तर जास्तच. कुत्रं, कोल्हा, माणूस, गाडी, काहीही जवळ आलं की ती टाहो फोडते. घरात कुणी अत्यवस्थ असलं की रात्रभर माणसांची ये-जा चालते, बॅटऱ्या फिरतात आणि टिटवी उठते. आजार आधी, ओरडणं नंतर. बाकीच्या शेकडो रात्री ती ओरडते, त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

दुसरी समजूत पावसाची: जितकी अंडी, तितके महिने पाऊस. टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते आणि आपला पावसाळाही चार महिन्यांचा! त्यामुळे हे भाकीत खरं ठरल्यासारखं वाटतं. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, ही समजूतही तशीच. तापी-गिरणेच्या काठाला, मोकळ्या रानात, कधी धाब्याच्या घराच्या सपाट छतावरही ती अंडी घालते. मोकळी जागा आणि चारी बाजूंची नजर, एवढंच ती बघते.

खरं नुकसान उन्हाळी नांगरटीत होतं. मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी ढेकळांत दिसतच नाहीत. पक्षी डोक्यावर झेपावू लागला की ट्रॅक्टर थांबवा, खाली बघा. अंडी हलवू नका. दोन-तीन हातांवर काठ्या रोवून तेवढा तुकडा सोडा. उबवण साधारण 28 ते 30 दिवसांची. दुपारी तिथं रेंगाळू नका, सावली धरणारी आई उठली की अंडी उन्हात भाजतात. पिल्लं निघाली की लगेच चालू लागतात, मग तुकडा वखरायला मोकळा.